धूर कुठे गेला?

विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मागे उभे राहिले तर नाकाला काहीच लागत नाही. धूर नाही, पेट्रोलचा वास नाही, इंजिनाचा आवाजही नाही. हायड्रोजनच्या गाडीची तर त्याहून तारीफ होते. तिच्या नळीतून म्हणे फक्त पाण्याची वाफ निघते! मग आता पेट्रोलची गाडी घेणे शहाणपणाचे आहे का? विजेची घ्यावी, की हायड्रोजनची येईपर्यंत थांबावे? वाचक हे आम्हाला वारंवार विचारतात. प्रश्न साधा दिसतो, पण त्यात घराची अनेक वर्षांची बचत अडकलेली असते आणि आपल्या मुलांच्या छातीत जाणारी हवाही. म्हणून या महिन्यात जाहिराती बाजूला ठेवून थोडा हिशेब करू. हिशेब ठोकळ आहे. गुणाकार-भागाकारापलीकडे त्यात काही नाही.

मीटरच्या पलीकडे

पेट्रोलचा एक लिटर जळला की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मध्यम आकाराची गाडी शंभर किलोमीटरला साधारण सहा लिटर पेट्रोल पिते. म्हणजे शंभर किलोमीटरमागे १४ किलोच्या आसपास. जमिनीतून तेल काढणे, जहाजाने आणणे, रिफायनरीत शुद्ध करणे, टँकरने पंपावर पोचवणे, यांचाही धूर त्यात मिळवायला हवा. तो धरून आपण १६ किलो म्हणू.

आता त्याच आकाराची विजेची गाडी घ्या. शंभर किलोमीटरसाठी ती घरच्या मीटरवर सुमारे १५ युनिट वीज खाते. ही वीज येते कुठून? आपल्या देशात तयार होणाऱ्या विजेपैकी जवळपास तीनचतुर्थांश वीज अजूनही कोळशाची आहे. पाणी, वारा, ऊन आणि अणुऊर्जा यांची वीज त्यात मिसळूनही भारतात एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. १५ युनिटांचे झाले साडेदहा किलो. तारांमधून येताना काही वीज वाया जाते, तीही धरली की १२ किलो.

म्हणजे पेट्रोलचे १६ आणि विजेचे १२. फायदा आहे, पण ‘शून्य प्रदूषण’ ही पाटी खरी नाही. धूर नाहीसा झालेला नाही. तो दुसरीकडे निघतो आहे. महाराष्ट्रात तो निघतो चंद्रपूरला, कोराडीला, खापरखेड्याला, भुसावळला. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. मुंबई-पुण्यात दिवे लागतात तेव्हा कोळशाची राख मात्र विदर्भातल्या माणसांच्या अंगणात, शेतात आणि नाल्यात पडते. आपल्या गल्लीतली हवा स्वच्छ झाली म्हणून आपण खूश व्हायचे आणि तिकडे कोणाचे मूल खोकते आहे हे विचारायचेच नाही, हे काही बरे नव्हे. तारेच्या दुसऱ्या टोकालाही आपला शेजारीच राहतो.

तरीही एक गोष्ट विजेच्या गाडीच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. कुर्ला, भिवंडी, मालेगावसारख्या दाटीच्या वस्तीत गाड्यांचा धूर थेट माणसाच्या नाकाच्या उंचीवर निघतो. शाळेच्या फाटकाबाहेर सुरू ठेवलेल्या रिक्षा आणि गाड्यांमधून निघणारी काजळी आणि नायट्रोजनचे विषारी वायू मुले जवळून घेतात. वीज केंद्राची उंच चिमणी हा धूर पुष्कळ वर सोडते आणि एका ठिकाणी बसवलेल्या चिमणीवर गाळण यंत्रे लावणे, त्यावर देखरेख ठेवणे हे लाखो सायलेन्सरांवर नजर ठेवण्यापेक्षा सोपे आहे. ती यंत्रे खरोखर लागतात का आणि लागली तर चालू राहतात का, हे मात्र लोकांनी विचारत राहिले पाहिजे. टायर झिजून उडणारी धूळ विजेच्या गाडीतही तशीच राहते. ब्रेकची धूळ कमी होते, कारण वेग कमी करताना मोटरच उलटी वीज तयार करून चाकांना आवरते.

दुसरा मुद्दा काळाचा. पेट्रोलची गाडी जुनी होईल तसा तिचा धूर वाढतच जातो. विजेची गाडी मात्र ती वीज जशी स्वच्छ होईल तशी आपोआप स्वच्छ होते. याचे उदाहरण नॉर्वेचे. तिथली जवळजवळ सगळी वीज धबधब्यांची आणि धरणांची. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळपास नऊ विजेच्या होत्या. नॉर्वेच्या गाडीला जे प्रमाणपत्र मिळते ते चंद्रपूरच्या कोळशावर चालणाऱ्या गाडीला जसेच्या तसे लावता येणार नाही. गाडी तीच असेल, पण वीज ती नाही.

बॅटरीचा हिशेब

विजेची गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हाच तिच्या डोक्यावर कर्ज असते. बॅटरीसाठी खनिजे खणावी लागतात, भट्ट्या पेटवाव्या लागतात. तीस युनिट वीज साठवणारी बॅटरी बनवताना साधारण दोन टन किंवा त्याहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. दोन टन धरून चालू. वर पाहिले त्याप्रमाणे आपल्या आजच्या विजेवर शंभर किलोमीटरला चार किलो वाचतात. त्या हिशेबाने हे कर्ज फिटायला पन्नास हजार किलोमीटर लागतील. हीच गाडी छपरावरच्या सौर विजेवर भरली तर शंभर किलोमीटरला १६ किलो वाचतात आणि कर्ज साडेबारा हजार किलोमीटरमध्ये फिटते. म्हणजे जो माणूस महिन्यातून दोनदा गाडी बाहेर काढतो, त्याच्या दारातली नवी विजेची गाडी हवेसाठी फारसे काही करत नाही.

खनिजांची बाजू याहून वेदनादायक आहे. काही प्रकारच्या बॅटऱ्यांना कोबाल्ट लागते आणि जगातले बहुतेक कोबाल्ट आफ्रिकेतल्या कांगो देशातून येते. तिथल्या हातखाणींत लहान मुले काम करतात, हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ च्या अहवालात जगापुढे मांडले. आपली मुले स्वच्छ हवेत शाळेला जावीत म्हणून दुसऱ्याच्या मुलांनी मातीत हात घालावेत, हा सौदा कोणालाही पटण्यासारखा नाही. यावर एक मार्ग निघाला आहे. लोह आणि फॉस्फेट वापरून बनवलेल्या लिथियम बॅटऱ्यांत कोबाल्ट अजिबात नसते. त्यांचा पल्ला थोडा कमी असतो, पण त्या उष्णता बऱ्या सोसतात आणि टिकाऊही असतात. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत आता याच बॅटऱ्या येतात. शोरूममध्ये रंग आणि सीटबद्दल आपण चार प्रश्न विचारतो. बॅटरी कोणत्या प्रकारची आहे, हा पाचवा प्रश्न जरूर विचारावा.

बॅटरी संपल्यावर काय? केंद्र सरकारने २०२२ मध्ये बॅटरी कचऱ्याचे नियम केले. त्यानुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांतील धातू पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नियम चांगला आहे. भंगाराच्या व्यवसायात असलेल्या आपल्या बांधवांना मात्र आमची आग्रहाची सूचना आहे: शिशाची जुनी बॅटरी जशी हातोड्याने फोडतात तशी लिथियमची कधीही फोडू नये. ती भडकून पेटते आणि पाण्याने सहज विझत नाही. ती थेट अधिकृत केंद्राकडेच द्यावी.

हायड्रोजन: गाडीत नव्हे, खतात

आता हायड्रोजनकडे वळू. ३० मार्च २०२२ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी टोयोटाच्या ‘मिराई’ नावाच्या हायड्रोजन गाडीत बसून संसदेत गेले, तेव्हापासून आपल्याकडे या इंधनाची चर्चा घरोघरी पोचली. ही गाडीही खरे तर विजेवरच चालते. फरक एवढाच की तिची वीज बॅटरीत साठवलेली नसते. टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांचा गाडीतच संयोग होतो, त्यातून वीज आणि पाणी तयार होते. टाकी पाच मिनिटांत भरते आणि पल्लाही मोठा. एवढे ऐकले की वाटते, हेच घ्यावे.

पण हायड्रोजन विहिरीतून पाणी काढावे तसा मिळत नाही. तो कशातून तरी बनवावा लागतो. आज जगात बनणाऱ्या हायड्रोजनपैकी जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. एका किलोत ‘मिराई’सारखी गाडी शंभर किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे नळीतून वाफ निघते हे खरे, पण धूर आधीच कारखान्यात निघून गेलेला असतो.

दुसरा मार्ग पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन वेगळा करण्याचा. ही वीज ऊन-वाऱ्याची असेल तर त्याला हरित हायड्रोजन म्हणतात. एक किलोला ५० ते ५५ युनिट वीज लागते. मग तो टाकीत मावावा म्हणून वातावरणाच्या सातशे पट दाबाने कोंबावा लागतो; सीएनजीच्या टाकीत हाच दाब दोनशे पटीच्या आसपास असतो. त्या कामाला आणखी काही युनिट जातात. शेवटी गाडीत पुन्हा वीज बनवताना जवळपास निम्मी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. सगळे मिळून शंभर किलोमीटरला ५५ ते ६० युनिट. तेवढ्याच मोठ्या बॅटरीच्या गाडीला सुमारे २० युनिट पुरतात. सौर विजेचे जे पॅनेल तीन गाड्या चालवू शकले असते, त्यावर हायड्रोजनची एकच गाडी चालते. आणि हीच वीज आपल्या आजच्या मिश्र तारेतून घेतली, तर शंभर किलोमीटरला चाळीस किलोच्या आसपास धूर होतो. पेट्रोलच्या दुपटीहून जास्त!

बाहेरचा अनुभवही बोलका आहे. हायड्रोजनच्या गाड्यांसाठी अमेरिकेत सर्वांत जास्त तयारी कॅलिफोर्नियाने केली. तिथेच शेल कंपनीने मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप २०२४ मध्ये बंद केले आणि गाड्या घेऊन बसलेल्यांपुढे भरायचे कुठे हा प्रश्न आणखी मोठा झाला. आपल्याकडे तर सामान्य ग्राहकाला आज ना अशी गाडी दुकानात मिळते, ना हमरस्त्यावर तिचा पंप. हायड्रोजनची गाडी येईल म्हणून गाडी घेणे लांबवत बसण्यात अर्थ नाही.

मग हायड्रोजन निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना आहे. तिथे नैसर्गिक वायूपासून मिळणाऱ्या हायड्रोजनचा अमोनिया होतो आणि अमोनियाचा युरिया. आपल्या शेतकऱ्याच्या पोत्यातला युरिया हा हायड्रोजनचाच माल आहे. खत, रिफायनरी, पोलाद या कामांत हायड्रोजनला किंवा कोळशाला सोपा पर्याय नाही. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनने २०३० पर्यंत दर वर्षी ५० लाख टन हरित हायड्रोजन बनवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. तो हायड्रोजन बनला, तर त्याचा पहिला हक्क खताच्या आणि पोलादाच्या कारखान्यांचा आहे. घरच्या गाडीचा नंबर फार मागे लागतो.

कोणाला परवडते?

आता खिशाकडे येऊ. पेट्रोल लिटरला शंभर-एकशेपाच रुपये धरले तर शंभर किलोमीटरला सहाशे रुपयांच्या वर जातात. घरच्या मीटरवर युनिटला दहा रुपये धरले तर विजेचे दीडशे. शंभर किलोमीटरला साडेचारशे रुपये वाचतात असे समजू. विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा तीन लाखांनी महाग मिळाली, तर वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे साडेसहा-सात वर्षांत वसूल होतात. पाच हजार किलोमीटर फिरणाऱ्याला तेरा वर्षे लागतात. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची देतात, हेही लक्षात ठेवावे. रस्त्यावरच्या जलद चार्जरचा दर घरच्या दरापेक्षा बराच जास्त असतो. सगळी भिस्त त्याच्यावर ठेवली तर बचत आणखी आटते.

आपल्या वाचकांपैकी अनेक घरे व्याजाचे कर्ज घेत नाहीत. त्यांच्यासाठी हा फरक हप्त्यांत विरघळणारा नाही. तो सगळा आज रोख मोजावा लागतो. अशा घराने केवळ ‘पुढे वाचतील’ या शब्दावर मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या रकमेला हात लावू नये. वर दिलेला हिशेब आपले किलोमीटर घालून करून पाहावा.

रिक्षा आणि टेम्पो चालवणाऱ्यांचे गणित मात्र वेगळे आहे. रिक्षा रोज शंभर किलोमीटर सहज धावते. जिची चाके दिवसभर फिरतात, तिचे पैसे आणि तिच्या बॅटरीचे कर्ज दोन्ही लवकर फिटतात, आणि गल्लीतला धूरही तिच्यामुळेच सर्वांत जास्त कमी होतो. आमच्या मते आपल्या वस्त्यांत वीज आधी तीन चाकांवर आणि दोन चाकांवर यायला हवी, चार चाकांवर नंतर.

गैरसोयींची यादीही पाहून घ्यावी. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीन युनिटच्या आसपास वीज भरते. रिकामी बॅटरी भरायला रात्र जाते. त्यासाठी स्वतःची पार्किंगची जागा, व्यवस्थित अर्थिंग आणि सोसायटीची संमती हवी. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडून गाडी भरण्याचा जुगाड पावसाळ्यात जिवावर बेतेल. ज्या भागात वीज तासन्‌तास जाते, तिथे आधी तिचा बंदोबस्त. मुंब्र्याहून चिपळूणला ईदसाठी निघालेल्या कुटुंबाला दोनशे किलोमीटरच्या वर जायचे असते. सामानासह, एसी लावून, घाट चढत. तीस युनिटांची बॅटरी वाटेत एकदा तरी भरावी लागेल आणि सणाच्या दिवशी त्या चार्जरपुढे आपल्या आधी चार गाड्या उभ्या असतील, असे धरून चालावे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या अनेक घरांच्या चुलीशी जोडलेली आहे. इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर, क्लच यांच्या दुरुस्तीवर पिढ्यान्‌पिढ्या जगणारी गॅरेजे आपल्याकडे पुष्कळ आहेत. विजेच्या गाडीत ना ऑइल बदलायचे असते, ना प्लग साफ करायचे. हे काम एका दिवसात संपणार नाही, रस्त्यावरच्या जुन्या गाड्या अजून बरीच वर्षे धावतील. पण आज जो मुलगा अब्बांच्या हाताखाली पाना धरायला शिकतो आहे, त्याला आयटीआयमध्ये मोटर, बॅटरी आणि उच्च दाबाच्या वायरिंगचे शिक्षण मिळाले पाहिजे. हा निर्णय पुढच्या पाच वर्षांत घ्यायचा आहे, वीस वर्षांनी नव्हे.

बॅटरीशिवायची वीज

विजेची गाडी हा काही नवा शोध नाही. मुंबईत १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची रेल्वे सुटली. त्या लोकलला शंभर वर्षे झाली. तिला बॅटरी लागत नाही, कोबाल्ट लागत नाही, चार्जिंगसाठी रात्रभर उभे राहावे लागत नाही. वीज वरच्या तारेतून येते आणि एका फेरीत हजारो माणसे घरी पोचतात. बेस्टने आता विजेच्या बसगाड्या आणल्या आहेत, दुमजलीसुद्धा. एका बसमध्ये पन्नास-साठ माणसे बसतात. तेवढीच माणसे एकेकटी विजेच्या गाड्यांतून निघाली तर धूर नसेल, पण रस्ता तसाच तुंबलेला असेल आणि पन्नास बॅटऱ्या जास्त लागतील. आपल्या गावात, मोहल्ल्यात बस येते का, वेळेवर येते का, हा प्रश्न नगरसेवकाला विचारणे हेही स्वच्छ हवेचेच काम आहे.

तेव्हा आमचा सल्ला असा. बस-लोकलने भागत असेल तर नवी गाडी, मग ती कशाचीही असो, घेऊ नका. गाडी घरात आहे आणि नीट चालते आहे, तर ती सांभाळा. टायरमधली हवा आणि इंजिन वेळेवर तपासा. गाडी घ्यायचीच असेल, रोजचे फिरणे भरपूर असेल आणि पार्किंगमध्ये स्वतःचे सॉकेट असेल, तर विजेची घ्या, लहान घ्या आणि कोबाल्टविना बॅटरीची घ्या. छप्पर आपले असेल तर आधी त्यावर सौर पॅनेल बसवा. तीन किलोवॉटच्या पॅनेलला केंद्राच्या सूर्यघर योजनेतून ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते आणि चांगल्या उन्हात त्यातून दिवसाला सुमारे बारा युनिट येतात, म्हणजे गाडीचे ऐंशी किलोमीटर. शक्य असेल तेव्हा ती गाडी दुपारी भरा. रात्री भरलेल्या गाडीचे बिल नेट मीटरिंगमुळे शून्य दिसेल, पण त्या वेळी तारेतून येणारी वीज बहुतेक कोळशाचीच असते. बिल आपल्या घरी येते, राख चंद्रपूरला पडते.